वेस्ट, टेक्सास : २८ वर्षं आणि २२ मिनिटं

स्फोटाच्या २८ वर्षं आधी. १९८५. जेमतेम २,८०० वस्तीच्या वेस्ट गावातल्या खताच्या गोदामाची ‘ओशा’ ही अमेरिकेची केंद्रीय कामगार-सुरक्षा यंत्रणा तपासणी करते. अमोनिया नीट साठवला नाही म्हणून ३० डॉलर दंड. स्फोटाआधीची ओशाची इथली ही शेवटची तपासणी. दहा किंवा त्याहून कमी कामगार असलेल्या, दुखापतींच्या आकड्यांवरून ‘कमी जोखमीच्या’ ठरवलेल्या धंद्यांना नियोजित तपासणीतून वगळणारी तरतूद तेव्हाही होती, आजही आहे.

दोन वर्षं आधी. २०११. कंपनी पर्यावरण खात्याला लिहून देते : आगीचा, स्फोटाचा धोका नाही.

काही महिने आधी. २०१२ अखेरचा साठा २७० टन अमोनियम नायट्रेट. राज्याकडे नोंद होते, गृहसुरक्षा खात्याला कळवलं जात नाही. माल लाकडी कप्प्यांत, स्प्रिंकलर नाहीत. टेक्सासमध्ये राज्यभर लागू असलेली अग्निसंहिताही नाही.

१७ एप्रिल २०१३, संध्याकाळी ७.२९. आगीची वर्दी. गावचं अग्निशमन दल स्वयंसेवकांचं. रुग्णवाहिका-सेवेच्या प्रशिक्षणाचा वर्ग चालू असतो, तिथलेही काही जण धावतात. आत किती माल आहे आणि तो तापल्यावर काय करतो, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही.

७.५१. सुमारे ३० टन माल एकदम फुटतो. भूकंपमापकावर २.१ ची नोंद. १५ मृत्यू, त्यांतले १२ मदतीला धावलेले. २६० हून अधिक जखमी. वृद्धाश्रम, सदनिका, शाळा उद्ध्वस्त. शाळा सुटलेली होती म्हणून मुलं वाचली.

सहा महिन्यांनी. ओशाला २४ उल्लंघनं सापडतात. दंड १,१८,३०० डॉलर.

आग कशी लागली यावर वाद झाले. पण वस्तीला लागून, लाकडी कप्प्यांत एवढं नायट्रेट साठवलेलं होतं, यावर वाद नाही. जुन्या दुखापतींच्या आकड्यांवरून गोदामात काय साठलंय ते कळत नाही.

आपल्याकडे २०२० च्या कामगार-सुरक्षा संहितेनं विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठीची किमान कामगार-संख्या १० वरून २० वर नेली. मात्र जीवघेण्या कामाच्या जागी एकच कामगार असला, तरी संहिता लागू करण्याचा अधिकार सरकारकडे आहे. लहान उद्योजकाचे रजिस्टर-फॉर्म जरूर कमी करा. पण ज्वालाग्राही आणि स्फोटक मालाच्या प्रत्येक गोदामाला हा अधिकार आजच वापरून संहिता लावा, आणि आत काय आहे ते अग्निशमन दलाला आधीच कळवा.