बिझेनच्या डागांची कुळकथा

लाकडाच्या भट्टीत भाजलेली, झिलई नसलेली, अंगावर राखेचे ओघळ आणि आगीचे डाग वागवणारी जपानी भांडी पाहिली की ‘हजार वर्षांची अखंड परंपरा’ हे शब्द हटकून येतात. त्यातले ‘हजार वर्षांची’ ढोबळमानाने खरे आहे; ‘अखंड’ मात्र नाही. म्हणूनच एखाद्या कुंभाराने त्या भट्टीतून आजच्या जेवणाच्या टेबलासाठी कॉफीचा मग काढला की परंपरा बाटल्याची जी तक्रार होते, तिचा पाया कच्चा आहे. ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावची बिझेन भांडी घ्या. जुन्याला नवा अर्थ देणे हीच या घराण्याची रीत असल्याचे दिसेल.

उताराच्या जमिनीत बोगद्यासारखी बांधायची ‘आनागामा’ भट्टी पाचव्या शतकाच्या सुमारास कोरियातून जपानमध्ये आली. तिच्या वंशातल्या भट्ट्यांमधून मध्ययुगात इम्बेचे कुंभार काढत ते रांजण, माठ आणि आतून खाचा पाडलेली वाटणाची भांडी. सगळा माल शेतकऱ्याच्या घरचा. तिथली भातखाचरांखालची माती बारीक, चिकट आणि लोहयुक्त. झिलई तिच्यावर नीट धरत नाही आणि घाईने तापवली तर ती तडकते. म्हणून आच मंद ठेवून कित्येक दिवस भाजणे भाग होते. तेवढ्या काळात लाल पाइनची राख उडून भांड्यांवर बसे आणि बाराशे अंशांच्या पुढे वितळून काचेसारखी होई. एकावर एक रचलेली भांडी चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. त्यातल्या पोटॅशियमची मातीशी अभिक्रिया होते, लोह हेमाटाइटच्या स्फटिकांच्या रूपात उमटते आणि फिकट अंगावर लाल पट्टे उठतात. या पट्ट्यांना ‘हिदासुकी’ म्हणतात. आज संग्राहक ज्यावर जीव टाकतात ते असे भट्टी रचण्याच्या सोयीतून आले आहे.

हे डाग सुंदर आहेत, असे प्रथम म्हटले ते गिऱ्हाइकाने. पंधराव्या शतकात चहाविधीचे आद्य पुरुष मुराता जुको आणि सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांच्या परंपरेने चिनी झिलईदार भांड्यांच्या शेजारी ही खेडवळ भांडी आणून ठेवली. शेतघरातले भांडे चहाघरात पाणी ठेवायला गेले. पुढे मोमोयामा काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, कुंभार मुद्दाम वाकडी, दबलेली भांडी घडवू लागले आणि अपघाताची शैली झाली. गंमत अशी की, नवशिके लोक बिझेन आणि शिगाराकीची भांडी मिरवून जाणकारीचा आव आणतात, अशी तक्रार जुकोने त्याच्या प्रसिद्ध पत्रात तेव्हाच करून ठेवली आहे. दिखाऊपणाचा आक्षेप या भांड्यांइतकाच जुना आहे.

त्यानंतर धागा तुटला. एदो काळात अरिताच्या पोर्सेलीनने बाजार व्यापला. इम्बेला पन्नास मीटरहून लांब सामाईक भट्ट्या होत्या, पण चहाची भांडी मागे पडली आणि नाजूक मूर्तिकामाला महत्त्व आले. कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) हा तिथल्या जुन्या कुंभार घराण्यातला. त्याचे नावही आधी मूर्तिकामातच झाले होते. १९३०च्या दशकात त्याने माती, रचाई आणि आच यांचा नव्याने अभ्यास करून मोमोयामा काळातला पोत पुन्हा साधला आणि १९५६ मध्ये तो ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरला. आज आपण ‘पारंपरिक बिझेन’ म्हणतो ते बरेचसे विसाव्या शतकातल्या या माणसाने लावलेल्या अर्थातून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

मग यावर म्हणता येईल की, जुने हुबेहूब करणे म्हणजे नक्कलच. तसे झालेलेही आहे. १९५९ मध्ये कामाकुरा काळातले म्हणून महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती ठरवलेले सेतोचे एक भांडे आपणच घडवल्याचे काटो तोकुरो या नामवंत कुंभाराने सांगितले आणि १९६१ मध्ये त्याचा दर्जा काढून घ्यावा लागला. पण तिथे दोष होता तो खोट्या तारखेचा. कानेशिगेच्या भांड्यांना स्वतःचे वय लपवावे लागले नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पेंढ्याचे लाल पट्टे विजेच्या भट्टीतही उमटतात. मग इतके लाकूड कशाला जाळायचे? पट्ट्यांपुरता हा मुद्दा मला मान्य आहे. त्यांच्यासाठी पाइनचे ढीग जाळणे हा हौसेचाच मामला. पण उडत्या राखेचे थर, निखाऱ्यांत गाडल्या गेलेल्या भांड्यावरचे करडे-निळे डाग, भट्टीतल्या जागेगणिक बदलणारा रंग हे सारे वाहत्या ज्वाळेचे काम आहे. आणि ‘नवा अर्थ’ म्हटले की काहीही खपेल, ही भीतीही इथे फारशी खरी नाही. घाई केलीत तर इम्बेची माती तडकते, मग कुंभाराची अभिरुची जुनी असो वा नवी.

इसेझाकी जून यांनी १९६१ मध्ये भावाच्या जोडीने बिझेनमध्ये बंद पडलेली आनागामा पुन्हा उभारली आणि तिच्यातून चहाच्या भांड्यांबरोबर शिल्पासारखे थेट आधुनिक आकारही काढले. २००४ मध्ये जपान सरकारने त्यांना बिझेनचे पाचवे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून मान दिला.