घर आधीं कीं वाट आधीं?

मुंबईच्या वाढीचा इतिहास सांगणारे बहुधा समुद्रांतील भरणी व गिरण्यांचीं धुरांडीं यांचाच हिशेब मांडतात. आम्हांस मात्र त्या इतिहासांत निराळाच प्रश्न वारंवार डोकावतांना दिसतो: मनुष्याचें घर आणि त्याचा पोटाचा उद्योग यांची सांगड घालावयाची कोणीं?

१८९६ सालीं प्लेग आला आणि १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. दादर-माटुंग्याच्या वसाहती आंखल्या. त्या वसाहतींत आमच्यासारख्या पांढरपेशांचीं कुटुंबें सुखानें नांदलीं, हें कबूल केलेंच पाहिजे. पण ज्या गरिबांचीं घरें पाडून रस्ते झाले, त्यांतील पुष्कळजण शेजारच्याच चाळींत अधिक दाटीनें राहिले. कारण रोजगार तेथेंच होता.

१९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें ५०,००० खोल्यांचा संकल्प सोडला. उभ्या राहिल्या त्या सुमारें एक-तृतीयांश. वरळीच्या चाळी चांगल्या पक्क्या होत्या, तरी त्यांतील कित्येक खोल्या वर्षानुवर्षें ओस पडल्या. गिरणी दूर, बाजार दूर, आणि भाडें जड! पुढें कायदेभंगाच्या दिवसांत सरकारनें तेथें तुरुंग केला. भाडेकरू मिळाले खरे, पण ते पकडून आणावे लागले!

स्वातंत्र्यानंतर नवें शहर वसविण्याचा विचार झाला. १९६५ सालीं चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनीं 'मार्ग' नियतकालिकांतून खाडीपलीकडे नगर वसविण्याची योजना मांडली. केवळ घरें नव्हेत, तर कचेऱ्या व उद्योगही तिकडे न्यावे, हें तिचें मर्म होतें. १९७० सालीं सिडको निघाली, १९७३ सालीं वाशीचा पूल झाला. आगगाडी मात्र वाशीस पोहोंचली १९९२ सालीं! मधल्या एकोणीस वर्षांत तिकडे बिऱ्हाड थाटणाऱ्यांनीं पूल ओलांडण्यांत आयुष्याचे किती तास खर्चिले असतील, तें कोणत्याही अहवालांत सांपडत नाहीं. सचिवालय तर पलीकडे गेलेंच नाहीं. उलट नरिमन पॉइंटच्या भरणीवर मनोरे चढत राहिले.

जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून न्हावाशेव्याकडे सुमारें २२ किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. स्थापत्याच्या दृष्टीनें काम भव्यच. परंतु त्यावर रूळ नाहींत, आणि दुचाकीस तेथें मज्जाव आहे.