आरोप, चौकशी आणि निर्णय : विनयपिटकातील दब्ब मल्लपुत्त प्रकरण

लैंगिक दुर्वर्तनाचा आरोप ही कोणत्याही समाजाच्या न्यायबुद्धीची कठोर कसोटी असते. कृत्य बहुधा एकांतात घडते, साक्षीदार नसतात, आणि आरोप उच्चारला जाताच लोकमत निर्णय देऊन मोकळे होते. अशा वेळी एका बाजूस पीडित स्त्रीचा शब्द पायदळी तुडविला जाण्याचे भय असते, तर दुसऱ्या बाजूस निरपराध मनुष्य आयुष्यातून उठण्याचे. या दोन्ही भयांचा विचार प्राचीन भिक्खुसंघाने कसा केला, याची नोंद विनयपिटकात आढळते. विनयपिटक म्हणजे केवळ आचाराच्या नियमांची यादी, असा समज अभ्यासकांतही रूढ आहे. वस्तुतः तो भारतातील एका संघटित समुदायाच्या न्यायव्यवहाराचा मोलाचा दस्तऐवज आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम मूळ प्रकरण पाहू. दब्ब मल्लपुत्त हे मल्ल कुळातील भिक्खू. वयाच्या सातव्या वर्षीच ते अर्हत झाले, असे परंपरा सांगते. राजगृहातील वेळुवनात त्यांच्याकडे दोन कामे होती : आलेल्या भिक्खूंना निवासस्थाने नेमून देणे आणि गृहस्थांच्या भोजनदानासाठी भिक्खूंची निवड करणे. मेत्तिय व भुम्मजक यांच्या गटातील भिक्खू नवखे होते. त्यांच्या वाट्यास हलकी निवासस्थाने आणि सामान्य भोजन येई. एकदा उत्तम भोजन देणाऱ्या एका गृहस्थाकडे त्यांची पाळी आली. उद्या हेच भिक्खू येणार हे कळताच त्या गृहस्थाने दासीला सांगितले की, त्यांना देवडीत बसवून कण्यांचे अन्न आणि आंबट कांजी वाढावी. हा अपमान दब्बांनीच घडवून आणला, असा ग्रह करून घेऊन या भिक्खूंनी मेत्तिया नावाच्या भिक्खुणीला पुढे केले. दब्बांनी आपणास भ्रष्ट केले, असे तिने भगवंतांपुढे जाऊन सांगितले.

येथून पुढील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. भगवंतांनी संघ एकत्र बोलाविला आणि आरोपीला सर्वांसमक्ष विचारले की, ही भिक्खुणी म्हणते तसे काही केल्याचे तुम्हांस स्मरते काय? भगवंत मला जाणतातच, असे उत्तर दब्बांनी तीनदा दिले. ते उत्तर स्वीकारले गेले नाही. केले असेल तर केले म्हणा, केले नसेल तर केले नाही म्हणा, असे त्यांना बजावण्यात आले. म्हणजे शास्त्याचा विश्वास किंवा आरोपीची कीर्ती हा बचाव होऊ शकत नाही. आरोपाला स्पष्ट उत्तर दिलेच पाहिजे. तेव्हा दब्बांनी सांगितले की, जन्मापासून स्वप्नातही असे कृत्य केल्याचे आपणास स्मरत नाही, मग जागेपणी कोठून? त्यानंतर भगवंतांनी मेत्तियेला संघातून काढण्यास आणि त्या भिक्खूंची कसून चौकशी करण्यास सांगितले. चौकशीत त्यांनी कट कबूल केला.

या घटनेवरून तेरा संघादिसेस नियमांपैकी आठवा नियम झाला : द्वेषाने दुसऱ्या भिक्खूवर पाराजिकाचा निराधार आरोप करणे हा गंभीर अपराध होय. नववा नियमही याच गटाच्या वर्तनातून आला. त्यांनी पुढे एका बोकडाला शेळीशी रत झालेले पाहिले, बोकडाला दब्ब आणि शेळीला मेत्तिया अशी नावे दिली आणि आपण प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, असे सांगत सुटले. शब्द अक्षरशः खरे, परंतु आरोप खोटा! सत्याचा एखादा धागा घेऊन त्यावर असत्य विणण्याच्या या युक्तीसाठी स्वतंत्र नियम करावा लागला, यावरून आरोपाच्या मानसशास्त्राची संघाला असलेली जाण दिसून येते.

निर्दोष ठरलेल्या व्यक्तीचे पुढे काय, हा प्रश्न कित्येक न्यायव्यवस्थांनी अनुत्तरितच ठेवला आहे. चुल्लवग्गात त्यासाठी सतिविनय सांगितला आहे. स्मृती पूर्णपणे जागृत असलेल्या शुद्ध भिक्खूने याचना करावी आणि संघाने एक ज्ञप्ती व तीन अनुश्रावणे यांद्वारा त्याच्या निर्दोषत्वाची विधिपूर्वक घोषणा करावी, अशी ही पद्धती. जसा आरोप जाहीर, तशी मुक्तताही जाहीर.

आरोप कसा करावा, याचेही दंडक आहेत. तो पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा संशयित गोष्टीवर आधारलेला असावा. आरोप करण्यापूर्वी समोरच्याची अनुमती मागावी. आरोपकाने योग्य वेळी, वस्तुस्थितीस धरून, मृदुपणे, हितासाठी आणि मैत्रचित्ताने बोलावे. आरोपीनेही दोन गोष्टी सोडू नयेत : सत्य आणि अक्रोध. सात अधिकरणशमथांपैकी पहिला सम्मुखाविनय आहे. संबंधित व्यक्ती समक्ष नसताना तिच्याविरुद्ध कर्म करू नये, हे त्याचे सार.

परंतु विनयाने केवळ आरोपीचेच रक्षण केले, असे म्हणणे एकांगी होईल. उप्पलवण्णा थेरी भिक्षाटनास गेल्या असता एक तरुण त्यांच्या कुटीत लपून बसला आणि त्या परतल्यावर त्याने बलात्कार केला. थेरींनी ही गोष्ट भिक्खुणींना सांगितली. जिने मनाने स्वीकार केला नाही तिला आपत्ती नाही, असा निर्णय भगवंतांनी दिला. कसोटी देहावर काय घडले याची नव्हे, तर सम्मतीची लावण्यात आली. विशाखेच्या साक्षीवरून आलेला पहिला अनियत नियमही महत्त्वाचा आहे. भिक्खू स्त्रीसमवेत एकांतात बसल्याचे विश्वसनीय उपासिकेने सांगितले, तर तेवढ्यावरून चौकशी सुरू होऊ शकते. मात्र निर्णय भिक्खू जे मान्य करील त्याप्रमाणे. स्त्रीच्या शब्दाने दार उघडते, पण तेवढ्याने निकाल लागत नाही.

तिसरे प्रकरण कुमारकस्सपाच्या मातेचे. राजगृहातील ही श्रेष्ठिकन्या पतीच्या अनुमतीने प्रव्रजित झाली, तेव्हा ती गर्भवती असल्याचे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. पुढे गर्भ दिसू लागताच देवदत्ताने चौकशी न करता तिला घालवून देण्यास सांगितले. ती श्रावस्तीस जेतवनात आली. जातकाच्या अट्ठकथेनुसार भगवंतांनी हा वाद उपालींकडे सोपविला. राजा पसेनदी, अनाथपिंडिक व विशाखा यांना बोलाविण्यात आले. विशाखेने पडदा लावून तिची तपासणी केली, महिने व दिवस यांचा हिशेब घातला आणि गर्भ प्रव्रज्येपूर्वीचा असल्याचा निष्कर्ष काढला. निर्दोषत्व राजासमक्ष जाहीर झाले. पुरुषांच्या सभेऐवजी स्त्रीने, तिची लाज राखून केलेली ही तपासणी आजही विचार करावयास लावते.

तथापि एक अडचण टाळून चालणार नाही. मेत्तिया पुढे केली गेली होती. कट रचणारे भिक्खू होते. तरी तिचे निष्कासन प्रथम झाले आणि ते भिक्खू संघातच राहिले. ही विषमता प्राचीनांनाही खटकली असावी. निदान तिच्या निष्कासनाचा आधार कोणता, यावर सिंहलद्वीपात महाविहार व अभयगिरी या परंपरांत वाद झाला. तिच्या स्वतःच्या कबुलीवरून तिला काढले असे मानल्यास दब्ब दोषी ठरतात, हा त्यातील पेच. समंतपासादिकेप्रमाणे राजा भातियाने दीघकारायन नावाच्या अमात्याकडून त्याचा निवाडा करविला व तो महाविहाराच्या बाजूने लागला.

संघाचा विनय आणि राज्याचा कायदा यांचे क्षेत्र भिन्न आहे, हेही सांगितले पाहिजे. संघाची अंतिम शिक्षा निष्कासनाची. कारावास वा देहदंड देण्याचा अधिकार त्यास नव्हता. मात्र विनय राज्यविधीस अपरिचित नव्हता. दुसऱ्या पाराजिकात चोरीची मर्यादा ठरविताना, पूर्वी न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्खूला बिंबिसार राजा किती मूल्याच्या चोरीस दंड करतो, असे विचारले गेले होते. म्हणून विनयाची चौकशी ही राज्याच्या चौकशीचा पर्याय मानणे चूक ठरेल. एखाद्या संस्थेत असा गुन्हा घडल्यास तो आतल्या आत मिटविण्यास विनयाचा आधार घेता येणार नाही.

आपल्या महाराष्ट्राचा अनुभव या संदर्भात आठवावा लागतो. 1972 साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्यात आदिवासी तरुणीवर अत्याचार झाल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, याला त्या निकालात वजन मिळाले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर यांनी 1979 साली न्यायालयास उद्देशून खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि 1983 साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने आपली सम्मती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. 2013 च्या दुरुस्तीने तर केवळ शारीरिक प्रतिकार न केल्याने सम्मती ठरत नाही, हे स्पष्ट केले. जुन्या दंडसंहितेची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. शरण जाणे म्हणजे सम्मती नव्हे, हा भेद उप्पलवण्णेच्या प्रकरणात कित्येक शतकांपूर्वी केला गेला होता.

आरोपीच्या हक्कांतही साम्य व भेद दोन्ही आहेत. दब्बांना उत्तर देणे भाग होते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. अनुच्छेद 22 त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क देतो. अनुच्छेद 39 क दुर्बलांसाठी मोफत विधिसाहाय्याचे दायित्व राज्यावर टाकतो. हे हक्क गुन्हेगारास सवलत म्हणून दिलेले नाहीत. खरा गुन्हेगार कोण, हे निश्चित होण्याचा तोच मार्ग आहे. तद्वतच, एखादा आरोप खोटा निघाला म्हणून प्रत्येक तक्रारदार स्त्रीकडे संशयाने पाहणे हे विनयाच्या विरुद्ध आहे. मेत्तियेच्या प्रकरणानंतरही संघाने विश्वसनीय उपासिकेच्या शब्दाचे मूल्य कमी केले नाही.

आमच्या विहारांतून विनयाचे पठण होते. त्यातील न्यायविचाराचे अध्ययन मात्र क्वचितच होते. सर्वांसमक्ष प्रश्न, स्पष्ट उत्तर, सम्मतीची कसोटी, जाणकार स्त्रीची तपासणी आणि निर्दोषाची जाहीर मुक्तता, ही पाच सूत्रे विधीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि उपासक-उपासिकांपुढे मांडली गेली, तर आरोप कानी पडताच निर्णय देण्याची घाई निश्चितच कमी होईल.