अंबाडीचा वाख

देशावरच्या घरांतून अंबाडीच्या भाजीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजविलेली आणि वरून लसणीच्या फोडणीचें तेल घेतलेली ती आंबट भाजी ज्यानें खाल्ली नाहीं त्याचें दुर्दैव! परंतु या झाडाच्या सालींतून निघणाऱ्या वाखासही एक इतिहास आहे, आणि तो आमच्या खेड्यांतील मोटेपासून थेट क्युबापर्यंत पसरलेला आहे. आमच्या सुशिक्षितांचें लक्ष तिकडे क्वचितच गेलें आहे.

प्रथम नांवांचा घोळ निस्तरला पाहिजे. बंगालकडे मेस्ता, तेलगूंत गोगु, व्यापाऱ्यांच्या बोलींत 'बिमली जूट' किंवा 'डेक्कन हेंप', आणि फारशींतून जगभर गेलेलें 'केनाफ' हीं सर्व नांवें अंबाडीस लाविलेलीं आढळतात. लिनीयसनें १७५९ मध्यें तिला हिबिस्कस कॅनाबिनस म्हटलें, तें पानें भांगेच्या पानांसारखीं दिसतात म्हणून. तिचें खरें नातें कापूस, भेंडी व जास्वंद यांच्याशीं. मंडईंत भाजी म्हणून येते ती पुष्कळदां तिची बहीण, लाल अंबाडी. शालेय पुस्तकांनीं जूटला 'ताग' म्हणून या घोळांत भर घातली. कारण शेतकरी ज्यास ताग म्हणतो तें हिरवळीच्या खतासाठीं गाडावयाचें तिसरेंच झाड होय.

दख्खनमध्यें अंबाडीला स्वतःचें शेत सहसा मिळालें नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं ज्वारी-बाजरीच्या पाट्यांत किंवा वावराच्या कडेनें ती पेरावयाची. दोन पुरुष उंच, कांटेरी ताठ दांडा आणि गर्द जांभळ्या गाभ्याचें पिवळें फूल. फुलावर आली कीं कापून तिच्या पेंढ्या डोहांत बुडवीत. आठदहा दिवसांनीं साल कुजून सैल होई. मग कमरेइतक्या घाणेऱ्या पाण्यांत उभें राहून ती सोलावयाची, आपटावयाची, धुवावयाची. वाळलेल्या वाखापासून दावीं, कासरे, चऱ्हाटें आणि मोटेचा नाडा वळला जाई. हें काम गांवगाड्यांत मातंग समाजाकडे होतें व त्याबद्दल खळ्यावर त्यांस बलुतें मिळे. नाडा नसेल तर मोट चालत नाहीं, आणि मोट नसेल तर बागाईत नाहीं. तरी तो नाडा वळणाऱ्याचें घर गांवकुसाबाहेर! गांवगाड्याची थोरवी गाणाऱ्यांनीं हा हिशेब पुरता मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

दरबारीं या झाडाची आठवण होण्यास मात्र नेहमी कोठेंतरी युद्ध पेटावें लागलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रॉक्सबर्गनें बंगालमध्यें देशी धाग्यांच्या ताकदीचे प्रयोग केले होते. पण १८५४ मध्यें इंग्लंडनें क्रिमियाच्या युद्धांत उडी घेतली आणि रशियाकडून येणाऱ्या हेंपाची वाट अडली, तेव्हां कोठें भारतीय वाखांचें महत्त्व पटलें. १८५५ मध्यें रॉइलचा भारतांतील तंतुवनस्पतींवरील मोठा ग्रंथ निघाला. त्यांत अंबाडीही आहे. परंतु त्याच वर्षीं हुगळीकांठीं रिश्रा येथें जूटची पहिली गिरणी उभी राहिली, आणि बाजी जूटनें मारली.

तसें कां व्हावें? जूटचा धागा मऊ, अंबाडीचा भरड, हें एक कारण खरेंच. आमच्या मतें त्याहून मोठें कारण पाणी. अंबाडी कमी पावसाच्या माळरानावर वाढते, हा तिचा गुण. पण धागा पाण्यावांचून सुटत नाहीं. बंगालमध्यें झाड कुजविण्यास खाचरें आणि माल वाहण्यास नद्या दोन्ही दारांत. आमच्याकडे अंबाडी कापणीस येते तोंच ओढे आटूं लागतात. पुसा येथें हॉवर्ड दंपतीनें १९११ मध्यें तिच्या पांच जातींचें शास्त्रीय वर्णन केलें. पण जातींची निवड झाली म्हणून दख्खनच्या डोहांत पाणी थोडेंच वाढणार! तिचा उद्योग उभा राहिला तो आंध्रच्या किनाऱ्यावर, बिमलीपट्टणच्या आसपास; 'बिमली जूट' हें नांव त्याच बंदराचें.

पुढेंही तोच क्रम. दुसऱ्या महायुद्धांत आशियांतील जूट मिळेनासें होईल या धास्तीनें अमेरिकेनें क्युबांत केनाफची लागवड आरंभिली. १९४७ मध्यें फाळणी झाली. गिरण्या हुगळीवर राहिल्या आणि जूटचीं बहुतेक शेतें पूर्व बंगालमध्यें गेलीं. सप्टेंबर १९४९ मध्यें भारतानें रुपयाची किंमत उतरविली, पाकिस्ताननें आपल्या रुपयाची उतरविली नाहीं, आणि दोन देशांमधला जूटचा व्यापार अडला. मग मेस्त्याची लागवड वाढविण्याची घाई सुरू झाली. दुसऱ्याची जागा भरून काढण्यापुरतीच जिला हांक येते तिच्या सुधारणेसाठीं चिकाटीनें पैसा कोण खर्चणार?

इकडे पंप आले, मोट गेली. नाड्याची गरजही गेली. पाठोपाठ नायलॉननें दावीं-कासरेही घेतले, आणि वाख वळणाऱ्या घरांचा धंदा बुडाला. त्यांच्या हातांतील कसब कोणत्या प्रयोगशाळेनें टिपून ठेवलें आहे? अमेरिकेंत मात्र शेतकी खात्यानें कागदासाठीं शेंकडों वनस्पती तपासून केनाफ निवडला, व १९८७ मध्यें कॅलिफोर्नियांतील बेकर्सफील्डच्या दैनिकानें त्याच्या कागदावर छपाई करून पाहिली. अलीकडे मोटारींच्या दारांच्या आंतल्या बाजूस हा धागा दाबून बसवितात, कारण तो हलका असतो. मलेशियांत तंबाखू सोडणाऱ्या शेतकऱ्यांस सरकार हेंच पीक घ्यावयास सांगत आलें आहे. तेथील पावसांत तो कुजविण्यास पाण्याची वाण नाहीं.