अकरा हजारांचं नंदुरबार

हिवाळ्यात नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथारी पडतात. दूरवर जमीन लाल दिसते आणि वाऱ्याबरोबर ठसका येतो. जे ऊन उन्हाळ्यात आपला जीव नकोसा करतं, तेच इथल्या मिरचीच्या व्यापाराचं भांडवल आहे. या उन्हाच्या मुलखात माणसं का आली, का गेली, हे आज थोडं पाहू या. मी कविता लिहिणारा माणूस. आकडे हा माझा प्रांत नव्हे. पण काही आकडे माणसाला झोपू देत नाहीत.

शहर वाढलं की आपण पटकन म्हणतो, "लोकांना पोरं फार." हिशेब इतका सोपा नसतो. शहर पाळण्यांनी वाढतं, तसं पायांनीही वाढतं. नंदुरबारचा इतिहासच त्याला साक्षी आहे.

अकबराच्या काळी नंदुरबार हे माळवा सुभ्यातलं एक सरकार होतं. बुऱ्हाणपूरहून सुरत बंदराकडे जाणारा माल तापीच्या खोऱ्यातून जाई. १६६६ मध्ये इथं इंग्रजांची वखार होती. पुढे लढाया, लुटालूट आणि १८०३च्या सुमाराचा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला तेव्हा हे गाव निम्मं ओस पडलं होतं. घरं होती, राहणारे नव्हते.

एकोणिसावं शतक संपता संपता ताप्ती व्हॅली रेल्वे आली. त्याच वेळी छपन्याचा दुष्काळही आला. १९०१च्या जनगणनेत नंदुरबारची वस्ती होती अवघी अकरा हजार. रेल्वेने कापसाला आणि धान्याला सुरत जवळ केली. रुळांच्या मागोमाग व्यापारी आले, हमाल आले, कारागीर आले. म्हणून आमच्या गल्लीत गुजराती, अहिराणी, भिली आणि उर्दू एकाच नळावर भांडत असत. घरात उर्दू, रस्त्यावर अहिराणी आणि शाळेत मराठी, असं माझं बालपण गेलं. ९ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावात तिरंग्यासाठी गोळ्या झेलणारा बाल शिरीषकुमार गुजरातीभाषक घरातला होता. बाहेरून आलेल्यांना या गावाने असं आपलं केलं.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले, भाडी वाढली. तिकडे सातपुड्यात सरदार सरोवराने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांना पाण्याखाली ओढलं. डोंगरातली माणसं तळोदा, शहाद्याच्या सपाटीवरच्या वसाहतींत उतरली. हीसुद्धा पायांनी झालेली वाढ. फक्त हे पाय स्वखुशीने निघाले नव्हते.

२०११ मध्ये नंदुरबार शहराची लोकसंख्या भरली १ लाख ११ हजार. एकशे दहा वर्षांत दहापट! पण याच जनगणनेतली दुसरी गोष्ट जास्त बोलकी आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढला आणि नंदुरबार जिल्हा २५ टक्क्यांहून अधिक. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या तर चक्क घटली. आणि नंदुरबार शहर? ते वाढलं जेमतेम १८ टक्के. म्हणजे खेडी भरभर वाढताहेत आणि जिल्ह्याचं शहर मागे राहतंय. खेड्यातली जास्तीची माणसं आपल्या शहरात येत नसतील, तर जातात कुठे?

त्याचं उत्तर नवापूरच्या स्थानकावर मिळतं. हे स्थानक अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरून चार पावलं टाकली की राज्य बदलतं. दिवाळी सरली की भिल्ल, मावची, पावरा कुटुंबं भांडीकुंडी, लेकरं आणि कोयता घेऊन बारडोली, सुरतेकडच्या उसाच्या फडांवर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुक्काम पडावावर, प्लास्टिकच्या पालात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७०च्या दशकातच या तोडणी मजुरांवर लिहून ठेवलंय. अजूनही कोयते निघतातच.

आता जनगणनेची तारीख आठवा. २०११ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. ऐन उसाच्या हंगामात! नियम असा, की मोजणीच्या संपूर्ण मुदतीत जो घरी नसेल त्याची नोंद घरी होत नाही. तो जिथे असेल तिथे व्हायची. म्हणजे प्रगणक पडावापर्यंत पोहोचला तर तो माणूस गुजरातेत मोजला जाणार. नाही पोहोचला तर कुठेच नाही. आणि त्याची शाळा, त्याचं रेशन, त्याचा दवाखाना मात्र ठरणार इथल्या आकड्यावरून.

ज्या जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, त्या जिल्ह्यातला माणूस मोजणीत हरवावा, याचं वाईट वाटतं.

२०२१ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरली आहे. म्हणजे पुन्हा फेब्रुवारी आणि पुन्हा उसाचा हंगाम. तेव्हा ग्रामपंचायतींनी फडावर गेलेल्यांची यादी आधीच करून ठेवावी आणि दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी ती पडावांशी ताडून पाहावी. हे काही फार अवघड काम नाही. आणि शहरवाल्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, विरचक धरणाचं पाणी पुरेना की लगेच "बाहेरचे फार झाले" म्हणू नये. दोनशे वर्षांपूर्वी हे गाव निम्मं रिकामं होतं. ते बाहेरच्यांनीच भरलं. त्यांतलेच आपण.