सर्पगंधेपासून क्लोझापिनपर्यंत : मानसिक आजारावरील औषधांचा इतिहास आणि साइड इफेक्ट्सचे धडे

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी तरी अँटिसायकोटिक औषधं घेत असेल, तर हा लेख जरूर वाचा. स्किझोफ्रेनिया, उन्माद, भास-संशयाचे आजार यांसाठी ही औषधं दिली जातात. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात या गोळ्यांबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, "गोळ्यांनी माणूस दगड होतो." कुणी म्हणतं, "आता बरं वाटतंय, मग कशाला घ्यायच्या?" दोन्ही कारणांनी गोळ्या एकदम बंद होतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो. या औषधांचा इतिहास समजून घेतला तर दोन्ही मतांमध्ये काय चुकतं ते कळतं.

आधी काय होतं?

शंभर वर्षांपूर्वी रिसोड वऱ्हाडात होतं आणि १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांतासोबत चालत होता. या भागासाठी वेड्यांचं इस्पितळ म्हणजे नागपूरचं, १८६४ साली सुरू झालेलं. तिथे पोचलेल्या रुग्णाला कोंडून ठेवणं, झोपेचं औषध देणं आणि वाट पाहणं यापलीकडे फारसं काही करता येत नसे. न पोचलेल्यांच्या वाट्याला घरची साखळी, नाही तर देवऋषी. भास आणि संशय कमी करणारं औषध जगात कुठेच उपलब्ध नव्हतं, असं पाश्चात्त्य डॉक्टर मानत होते.

आपल्या मातीतली मुळी

भारतात मात्र सर्पगंधेची मुळी वैद्यांच्या वापरात होती. बिहारकडे ती 'पागल की दवा' म्हणूनच ओळखली जाई. १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग होतो, असा लेख लिहिला. पण परदेशात त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही.

ते वेधलं मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. केईएम रुग्णालयातल्या या हृदयरोगतज्ज्ञांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे सर्पगंधेचे अनुभव १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. तिथून चक्रं फिरली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रिसर्पिन हा घटक वेगळा केला गेला आणि १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचे चांगले परिणाम नोंदवले.

याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन तयार झालं. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं. वर्षानुवर्षं स्वतःशीच बोलणारी माणसं डॉक्टरांशी बोलू लागली. १९५७ चा मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डेनिकर आणि क्लाइन यांच्यासोबत मुंबईचे डॉ. वकीलही होते.

पण मग शरीर ताठर झालं

आनंद ओसरायच्या आधीच तक्रारी सुरू झाल्या. हात थरथरणं, चेहरा भावशून्य होणं, चाल आखूड होणं, अगदी कंपवातासारखं. रिसर्पिनमुळे काही रुग्णांना खोल उदासी आल्याच्याही नोंदी झाल्या. असं का होतं?

उत्तर मिळालं स्वीडनमध्ये. १९५७ साली अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं, तेव्हा ते निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. शरीरात एल-डोपापासून डोपामिन तयार होतं. म्हणजे हालचालीसाठी मेंदूला डोपामिन लागतं. पुढे या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. मेंदूच्या एका भागात डोपामिनचं काम वाढलं की भास-संशय वाढतात आणि औषध ते काम कमी करतं. पण हेच डोपामिन दुसऱ्या भागात हालचाल सांभाळतं. म्हणून गोळी घेणाऱ्याची मान अचानक वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ अडकली तर ती 'बाधा' नाही. तो औषधाचा परिणाम आहे आणि योग्य इंजेक्शनने सहसा काही मिनिटांत उतरतो. एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, हाही साइड इफेक्टच. त्याला आजार वाढला असं समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो.

क्लोझापिनचा धडा

अंग ताठर न करणारं औषध म्हणून क्लोझापिन आलं. १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या आणि त्यांतले काही जंतुसंसर्गाने दगावले. अनेक देशांत औषध मागे घेतलं गेलं. पण १९८८ च्या एका मोठ्या अभ्यासात, इतर औषधांनी फरक न पडलेल्या रुग्णांनाही क्लोझापिनने फायदा होतो, असं दिसलं. १९८९ मध्ये अमेरिकेने ते स्वीकारलं, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. औषध तेच होतं. देखरेख आली, म्हणून ते सुरक्षितपणे वापरता आलं. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा धडा वाटतो.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- गोळी एकदम बंद करू नका. त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.
- ओलान्झापिन, क्लोझापिन यांनी वजन आणि साखर वाढू शकते. सुरुवातीला आणि नंतरही वजन, पोटाचा घेर, साखर, चरबी तपासून घ्या.
- क्लोझापिन चालू असताना ताप किंवा घसा दुखणं आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. बद्धकोष्ठता अंगावर काढू नका.
- जास्त ताप, अंग लाकडासारखं ताठ, शुद्ध हरपल्यासारखं होणं : ही तातडीची अवस्था आहे. लगेच रुग्णालय गाठा.
- आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा विसरू नका. यांतली काही औषधं आणि थरथर कमी करण्यासाठी दिली जाणारी गोळी यांमुळे घाम आणि तापमानाचं नियंत्रण बिघडू शकतं. भर दुपारी शेतात काम टाळा, पाणी पीत राहा.
- बिडी-सिगारेट अचानक सोडल्यास क्लोझापिन, ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. जरूर सोडा, पण डॉक्टरांना आधी कळवा.
- पाळी चुकणं, छातीतून दूध येणं, लैंगिक अडचणी यांबद्दल लाजू नका. त्यावर उपाय असतात.
- भाजीत किंवा चहात लपवून गोळी देऊ नका. काय घेतोय हे ज्याला माहीत नाही, तो होणारा त्रास कसा सांगणार?

शेवटचा मुद्दा कायद्याचाही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा पुढच्या भेटीला प्रश्न कागदावर लिहून न्या. भेट लांब असेल आणि मनात शंका असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

नागपूरच्या त्या जुन्या इस्पितळात ज्याला आयुष्य काढावं लागलं असतं, असा माणूस आज रिसोडला आपल्या घरी राहून शेती किंवा दुकान सांभाळू शकतो. त्यासाठी गोळी हवी आणि गोळीवर नजर ठेवणारं घरही हवं.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधात कोणताही बदल आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)