पोटमाळ्यावरचे उपचार

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या पॉली मरे या चित्रकार बाईंच्या घरात १९६०च्या दशकापासून दुखणी मुक्कामाला आली होती. ताप, अंगावर पुरळ, सुजलेले गुडघे, न सरणारा थकवा. आधी त्या स्वतः आजारी पडल्या, मग नवरा आणि मुले. डॉक्टरांना काही सापडेना, तेव्हा हे मनाचे खेळ असावेत असे त्यांना सुचवण्यात आले. बाईंनी नोंदी ठेवायला सुरुवात केली. घरातल्यांच्या आणि पुढे शेजारपाजारच्यांच्याही. १९७५ साली त्यांनी आणि जवळच्या गावातल्या आणखी एका आईने आरोग्य खात्याचे दार ठोठावले, आणि मरेबाईंची यादी येल विद्यापीठातील तरुण संधिवाततज्ज्ञ अ‍ॅलन स्टीअर यांच्या हाती पडली. १९७७च्या त्यांच्या निबंधात शेजारच्या तीन गावांतले ५१ रुग्ण आहेत. त्यातली ३९ मुले. १९८१ साली विली बर्गडॉर्फर यांना हरणांवर पोसणाऱ्या गोचिडांच्या पोटात मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू दिसला आणि कोडे सुटले.

या शोधाने दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, बाई खरे बोलत होती. दोन, हा जिवाणू उपदंशाच्या, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतल्या गरमीच्या, जिवाणूचा भाऊबंद आहे. लाइमवर पुढे जे पर्यायी उपचार निघाले, त्यातल्या अनेकांची मुळे या दोन गोष्टींत आहेत, असे मला वाटते.

डॉक्सिसायक्लिनच्या दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. मात्र शंभरातल्या पाच-दहा जणांना त्यानंतरही कित्येक महिने थकवा, अंगदुखी आणि विसराळूपणा सोडत नाही. कारण अजून पक्के ठरलेले नाही. जिवाणू शरीरात दडून बसला आहे, हा ‘जुनाट लाइम’ आहे, असे अनेक रुग्णांनी आणि काही डॉक्टरांनी मानले. उपदंश वर्षानुवर्षे दडून राहतो हे ठाऊक असल्याने ते पटण्याजोगेही होते. मग महिनोन्‌महिने प्रतिजैविके सुरू झाली. २००१ साली अमेरिकेत आणि २०१६ साली नेदरलँड्समध्ये त्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या. लांबलेल्या उपचाराचा जादा फायदा दिसला नाही.

तेव्हा उपदंशाच्या पोटमाळ्यावरच्या जुन्या वस्तू खाली उतरू लागल्या होत्या. व्हिएन्नाचे वाग्नर-याउरेग मेंदूपर्यंत पोचलेल्या उपदंशावर रुग्णाला मुद्दाम मलेरिया टोचत. त्याबद्दल १९२७चे नोबेल त्यांना मिळाले. पेनिसिलिन आल्यावर ती पद्धत अडगळीत गेली. पण १९९०च्या सरकारी अहवालात न्यू जर्सीतल्या लाइम-रुग्णांनी मलेरिया टोचून घेतल्याची नोंद आहे. बिस्मथ या धातूची इंजेक्शने हाही १९२०च्या दशकातला उपदंशावरचा इलाज. २००६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला लाइमसाठी दिल्या जाणाऱ्या बिस्मथच्या इंजेक्शनाविरुद्ध इशारा द्यावा लागला; एक रुग्ण दगावला होता. २०१५ साली काही संशोधकांनी अशा उपचारांची मोजदाद केली, तेव्हा ते तीसहून अधिक भरले. ओझोन, मधमाशीचे विष, मूलपेशी, आणि आपल्याकडच्या वाचकांना परिचित असलेले शिवांबूही.

यावर हसणे सोपे आहे. पण रुग्ण तिकडे का गेले? लाइमच्या इतिहासाचे पहिले पानच ‘डॉक्टर चुकले, बाई बरोबर होती’ असे आहे. त्यामुळे ‘तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाला मरेबाईंना ऐकवलेल्या जुन्या वाक्यासारखे ऐकू येते. संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ साली दीर्घ उपचारांविरुद्ध मार्गदर्शिका काढली, तर कनेक्टिकटच्या महाधिवक्त्यांनी तिच्यामागे चौकशी लावली. २०१०च्या फेरतपासणी समितीने मार्गदर्शिका उचलून धरली, तरी अविश्वास ओसरला नाही.

मात्र मरेबाईंच्या वहीचा धडा दोन्ही बाजूंनी अर्धाच वाचला. ती वही हट्टाने लिहिलेली होती, हे रुग्णांनी पाहिले. पण ती तपासणीसाठी परक्याच्या हाती दिली होती, हे विसरले गेले. ओझोन विकणाऱ्या दवाखान्यात बरे झालेल्यांच्या कहाण्या असतात. न झालेल्यांची यादी नसते. २०१७ साली अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राने ‘जुनाट लाइम’च्या उपचारांतून गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या पाच रुग्णांची हकिगत छापली, त्यात मृत्यूही होते.

आणि डॉक्टरांनी? चाचण्यांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले: जादा प्रतिजैविके उपयोगी नाहीत. समोरचा माणूस का थकला आहे, हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर देऊन दुसरा मिटवता येत नाही. तो अनुत्तरित राहतो, तेव्हा कोणीतरी त्याच्यावर दुकान थाटतो. मरेबाईंना त्यांच्या पहिल्या डॉक्टरांकडून नेमके उत्तर मिळणे तेव्हा शक्य नव्हते. तो जिवाणू कोणालाच माहीत नव्हता. ‘मला कळत नाही, पण तुम्ही लिहीत राहा’ एवढे मात्र म्हणता आले असते. ते आजही म्हणता येते.